विश्लेषण : चार शस्त्रक्रिया, रोजची इंजेक्शने... तरी केनेडींची कंबर दुखतच का राहिली?

कमरेचे जुने दुखणे असलेल्या रुग्णाला आजकाल गोळ्या आणि फिजिओथेरपीनंतर, पण ऑपरेशनच्या आधी, एक मधला पर्याय सुचवला जातो : मणक्यात इंजेक्शन. सी-आर्म नावाच्या एक्स-रे यंत्राखाली, पडद्यावर पाहत पाहत सुई नेमक्या जागी नेली जाते आणि रुग्ण बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जातो. हे इंजेक्शन कशासाठी असते, कशासाठी नसते आणि ‘बघून’ देण्यात एवढे काय आहे, हे समजून घ्यायचे तर कंबरदुखीचा एक जगप्रसिद्ध रुग्ण उपयोगी पडतो. अमेरिकेचे ३५वे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी. तरुण, तडफदार, समुद्रात होडी हाकणारा नेता अशी त्यांची प्रतिमा होती. २००२ मध्ये इतिहासकार रॉबर्ट डॅलेक यांना त्यांची वैद्यकीय कागदपत्रे पाहायला मिळाली, तेव्हा त्या प्रतिमेमागचा रुग्ण जगासमोर आला.

दुखणे सुरू कुठे झाले?

केनेडींचा जन्म २९ मे १९१७ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रुकलाइनचा. लहानपणापासून आजारपण पाठीशी लागलेले. हार्वर्डमध्ये शिकताना फुटबॉल खेळताना पाठीला मार बसला, असे सांगितले जाते. १९४१ मध्ये सैन्यात जायचे ठरवले तर पाठीमुळे वैद्यकीय तपासणीत नापास झाले. वडील जोसेफ केनेडी ब्रिटनमध्ये राजदूत राहिलेले होते. त्यांच्या ओळखीने मुलाला नौदलात प्रवेश मिळाला. सैन्यात न जाण्यासाठी वशिला लावणारे पुष्कळ असतात. इथे जाण्यासाठी लावला गेला.

२ ऑगस्ट १९४३ च्या पहाटे, प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांजवळ, केनेडींच्या ताब्यातील पीटी-१०९ या गस्ती नौकेला जपानी विनाशिकेने धडक दिली. नौकेचे दोन तुकडे झाले. तेरापैकी दोघे मरण पावले. भाजलेल्या एका सहकाऱ्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातांत धरून केनेडी सुमारे चार तास पोहत एका बेटावर पोहोचले. सुटका व्हायला जवळपास आठवडा लागला. पाठीचे दुखणे याच रात्रीपासून लागले अशी समजूत पुढे रूढ झाली. निवडणुकीत तिचा उपयोगही झाला. वस्तुस्थिती अशी की दुखणे आधीपासून होते. त्या रात्रीने ते वाढवले.

१९४४ : मणक्यातली गादी काढली, पण...

जून १९४४ मध्ये बोस्टनच्या न्यू इंग्लंड बॅप्टिस्ट रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली जात असावी, असा कयास होता. सरकलेली गादी कंबरदुखीचे कारण असू शकते, हे वैद्यकाला कळून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. त्यामुळे हे ऑपरेशन त्या काळचे अद्ययावत होते. पण पाठ उघडल्यावर गादी ठळकपणे बाहेर आलेली दिसलीच नाही. झिजलेला, मऊ पडलेला भाग काढून टाकण्यात आला. केनेडी उठून चालू लागले आणि पाठीत जोरदार कळा येऊ लागल्या.

इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढची वीस वर्षे याच एका अडचणीभोवती फिरतात. कमरेत दुखणे कुठून निघते, हे बाहेरून ओळखता येत नाही. दोन मणक्यांमधली गादी, मागच्या बाजूचे छोटे सांधे (फॅसेट सांधे), माकडहाड आणि कटिभागाचे हाड यांच्यातला सांधा, बाहेर पडणारी नस, भोवतीचे स्नायू. कशातूनही येणारी वेदना रुग्णाला साधारण एकाच जागी जाणवते. साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसते. गादी, नस, स्नायू दिसत नाहीत. सीटी स्कॅन १९७१ मध्ये आला आणि एमआरआय त्यानंतर. केनेडींच्या डॉक्टरांकडे यातले काहीच नव्हते. (एमआरआय आल्यावरही प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही झिजलेल्या गाद्या सर्रास दिसतात.)

१९५४ : लोखंडी पट्टी आणि मृत्यूशी गाठ

१९४७ मध्ये लंडनमध्ये केनेडींना अॅडिसन हा आजार असल्याचे निदान झाले. यात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी पुरेसे कॉर्टिसॉल तयार करत नाहीत. शरीरावर मोठा ताण आला तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. तेव्हापासून त्यांचे आयुष्य स्टिरॉइडच्या औषधांवर अवलंबून राहिले. दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होतात, हे आज सर्वांना माहीत आहे. केनेडींच्या मणक्यांचे तसे झाले होते का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

१९५४ मध्ये सिनेटर केनेडी कुबड्यांवर आले. बोस्टनमधल्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अॅडिसनमुळे ऑपरेशनला नकार दिला. तरीही २१ ऑक्टोबर १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये त्यांच्या कमरेचे मणके आणि माकडहाडाचा भाग धातूची पट्टी व स्क्रू लावून जोडण्यात आला. तिसऱ्या दिवसापासून जंतुसंसर्ग झाला. ते बेशुद्धावस्थेत गेले आणि कॅथलिक धर्मगुरूंना बोलावून अंतिम विधी करण्यात आले. त्यातून ते वाचले. पण जखम भरेना. फेब्रुवारी १९५५ मध्ये तिसरे ऑपरेशन करून ती पट्टी काढून टाकावी लागली. सप्टेंबर १९५७ मध्ये पाठीतला गळू काढण्यासाठी चौथे.

अॅडिसनच्या रुग्णावर एवढी मोठी शस्त्रक्रिया करता येते, यावर १९५५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात लेखही आला. त्यात ३७ वर्षांचा पुरुष एवढाच उल्लेख होता. तो पुरुष कोण, हे केनेडींच्या मृत्यूनंतर उघड झाले. याच आजारपणात अंथरुणावर असताना ‘प्रोफाइल्स इन करेज’ या पुस्तकाचे काम झाले. त्यात सहायक टेड सोरेन्सन यांचा वाटा मोठा होता. १९५७ मध्ये त्याला पुलित्झर मिळाले.

सुईचा प्रवेश

मे १९५५ मध्ये केनेडी न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांच्याकडे गेले. ट्रॅव्हेल औषधशास्त्राच्या अभ्यासक होत्या. स्नायूंमधल्या आखडलेल्या, दाबले की दूरवर कळ पाठवणाऱ्या बिंदूंवर त्यांचे संशोधन होते. या बिंदूंना आज ट्रिगर पॉइंट म्हणतात आणि जगभरचे फिजिओथेरपिस्ट तो शब्द वापरतात, त्यामागे मुख्यतः ट्रॅव्हेल आहेत. त्या अशा बिंदूत प्रोकेन हे बधिर करणारे औषध टोचत. त्यांनी केनेडींचा एक पाय किंचित आखूड असल्याचे हेरून बुटाची टाच उंच करायला लावली. केनेडींची ती प्रसिद्ध डोलखुर्चीही त्यांच्याच सल्ल्याची. चार ऑपरेशनांत जे मिळाले नव्हते, तेवढा आराम केनेडींना मिळाला. १९६१ मध्ये ते अध्यक्ष झाले तेव्हा ट्रॅव्हेल व्हाइट हाउसच्या पहिल्या महिला डॉक्टर झाल्या.

ट्रॅव्हेल यांना नंतर पुष्कळ दूषणे लागली. पण ज्या काळात पाठ कापणे हाच मोठा उपाय मानला जात होता, त्या काळात स्नायूंकडे लक्ष द्या असे सांगणारी ही डॉक्टर होती. चूक सुईत नव्हती. सुई नंतर ज्या वेगाने वाढत गेली, त्यात होती.

१६ मे १९६१ रोजी केनेडी कॅनडाच्या दौऱ्यावर ओटावात पोहोचले. तिथल्या वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात फावड्याने माती टाकताना पाठीत पुन्हा चमक भरली. तीन आठवड्यांच्या आत व्हिएन्नात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्याशी शिखर बैठक होती. प्रोकेनची इंजेक्शने दिवसातून दोन-तीनदा होऊ लागली. खासगीत कुबड्या बाहेर आल्या. प्रोकेनचा बधिरपणा तासाभरात उतरतो, त्यामुळे महत्त्वाच्या कार्यक्रमाच्या आधी सुई, असा क्रम पडत गेला. त्यात भर म्हणजे न्यूयॉर्कचे मॅक्स जेकबसन हे डॉक्टरही इंजेक्शने देत होते. त्यांच्या मिश्रणात अॅम्फेटामिन असे. ते व्हिएन्नालाही गेले होते. १९७५ मध्ये त्यांचा वैद्यकीय परवाना रद्द झाला. शीतयुद्धाच्या ऐन तापलेल्या दिवसांत अण्वस्त्रांचे अधिकार असलेल्या माणसाच्या शरीरात रोज काय काय टोचले जात होते, हे अमेरिकेला कळायला चार दशके लागली.

ती सुई आणि आजची सुई : फरक काय?

ट्रॅव्हेल यांचे इंजेक्शन स्नायूत होते, मणक्यात नव्हे. स्नायू वरवर असतो, बोटाने चाचपता येतो. तिथे यंत्राने पाहण्याची फारशी गरज नसते. आज ज्याला मणक्यातले इंजेक्शन म्हणतात ते बरेच खोल जाते. ते तीन मुख्य ठिकाणी दिले जाते : मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरची जागा (एपिड्युरल), नस मणक्यातून बाहेर पडते ते छिद्र आणि मागचे छोटे सांधे किंवा त्यांना जाणारी बारीक नस. माकडहाडाजवळच्या सांध्यातही देतात.

एपिड्युरल इंजेक्शन केनेडींच्या जन्माआधीचे आहे. १९०१ मध्ये पॅरिसमध्ये जाँ सिकार आणि फर्नां काथेलँ यांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, माकडहाडाच्या टोकाकडून या जागेत कोकेन टोचून दाखवले होते. सिकार यांनीच पुढे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला एक्स-रेत दिसणारे तेलकट द्रव्य या भागात सोडले, म्हणजे सुई आणि चित्र यांची गाठ घालून दिली. १९५० च्या दशकात एपिड्युरलमध्ये स्टिरॉइड दिले जाऊ लागले. पण डॉक्टर सुई हाताच्या अंदाजानेच सरकवत. सुई जागेवर पोहोचली की तिला होणारा विरोध एकदम कमी होतो, त्यावर भरवसा. अनुभवी हातांच्या बाबतीतही अशा अनेक सुया भलत्याच जागी जातात, हे नंतर एक्स-रेखाली तपासल्यावर दिसले. सुई हलत असताना पाहता येणारा एक्स-रे, म्हणजे फ्लुरोस्कोपी, मणक्याच्या इंजेक्शनांत नेहमीची झाली ती गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत.

सी-आर्म हे इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचे यंत्र. एका टोकाला एक्स-रेचा स्रोत, दुसऱ्याला चित्र टिपणारा भाग, मध्ये पालथा झोपलेला रुग्ण. पडद्यावर दिसते ती सावली, आणि सावलीत खोली कळत नाही. समोरून पाहिले तर सुई छिद्राच्या बरोबर वर दिसते. ती दोन सेंटीमीटर आधी आहे की पलीकडे गेली, ते त्या चित्रात नसते. म्हणून यंत्र फिरवून बाजूने दुसरे चित्र घेतात. दोन कोनांतली दोन सपाट चित्रे जुळवली की टोकाची अवकाशातली जागा मिळते. मग औषधाआधी थोडे रंगद्रव्य सोडतात. ते नसेच्या कडेने रेषेसारखे पसरले तर सुई बरोबर. झर्रकन वाहून दिसेनासे झाले तर सुई रक्तवाहिनीत आहे. तिथे दाणेदार स्टिरॉइड गेले तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एपिड्युरल स्टिरॉइडबाबत इशारा दिला तो याच दुर्मीळ पण गंभीर धोक्यांसाठी : अंधत्व, पक्षाघात, मृत्यू.

काही ठिकाणी सीटी वापरतात. त्यात जागा जास्त स्वच्छ दिसते, किरणोत्सर्गही बहुधा जास्त. सोनोग्राफीत किरण नसतात, पण हाडापलीकडचे दिसत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट रुग्णांच्या लक्षात क्वचितच येते. बघून दिलेली सुई फक्त उपचार नसतो, ती तपासणीही असते. संशयित सांध्याच्या नसेवर बधिर करणाऱ्या औषधाचे अगदी थोडे थेंब सोडायचे आणि पुढचे काही तास दुखणे किती उतरते ते पाहायचे. उतरले तर कारण बहुधा तिथेच. मनाचा परिणाम वगळण्यासाठी हे दोनदा करतात. १९४४ किंवा १९५४ मध्ये केनेडींच्या पाठीला कापण्याआधी हा प्रश्न असा थेट विचारण्याची सोय नव्हती. पाठ उघडल्यावर जे दिसेल त्यावर निर्णय, असा मामला होता.

मग गुण कशाने आला?

१९६१ च्या शरद ऋतूत व्हाइट हाउसमधले नौदलाचे डॉक्टर जॉर्ज बर्कली आणि केनेडींच्या अॅडिसनवर उपचार करणारे यूजीन कोहेन हे दोघेही ट्रॅव्हेल यांच्या सुयांनी धास्तावले होते. असेच चालले तर अध्यक्ष चाकांच्या खुर्चीत बसतील, अशी त्यांना भीती होती. त्यांच्या आग्रहावरून ऑक्टोबरमध्ये हान्स क्राउस यांना बोलावण्यात आले. व्हिएन्नात शिकलेले, न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले क्राउस कसलेले गिर्यारोहक होते. अमेरिकी मुले युरोपीय मुलांपेक्षा शरीराने कमजोर आहेत, असे दाखवणारी गाजलेली क्राउस-वेबर चाचणी त्यांचीच. गंमत अशी की अध्यक्षपदी निवडून आल्यावर लगेच केनेडींनी अमेरिकी माणूस मऊ पडत चालला आहे असा लेख लिहिला, त्यात याच चाचणीचा आधार होता.

क्राउस यांनी अध्यक्षांना तपासले. पोटाचे स्नायू दुर्बळ, पाठ आणि मांडीमागचे स्नायू ताठ. डाव्या पायात बूट घालायलाही त्यांना वाकता येत नव्हते. क्राउस यांचे म्हणणे साधे होते : बधिर करणाऱ्या सुया थांबवा आणि आठवड्यातून तीन दिवस व्यायाम. जलतरण तलावाशेजारच्या छोट्या व्यायामशाळेत हे सुरू झाले. नोव्हेंबर १९६१ मध्ये पंडित नेहरू अमेरिकेला गेले तेव्हा यजमानांचा हा कार्यक्रम जेमतेम काही आठवड्यांचा होता. ट्रॅव्हेल यांचे पद कायम राहिले, पण अध्यक्षांच्या पाठीचा कारभार बर्कली आणि क्राउस यांच्या हाती गेला. १९६२ उजाडल्यावर केनेडींच्या हालचालीत फरक दिसू लागला. दुखणे गेले नाही. कमी झाले आणि कह्यात राहिले.

आज इंजेक्शन सुचवले तर?

पायात उतरणारी सायटिकाची कळ, एमआरआयमध्ये त्याच बाजूला त्याच नसेवर दाब आणि दुखणे फार जुने नाही, अशा रुग्णाला नसेजवळचे स्टिरॉइड काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत आराम देऊ शकते. त्या काळात चालणे, व्यायाम सुरू झाला तर त्याचा उपयोग. पाय दुखत नाही, फक्त कंबर वर्षानुवर्षे ठणकते, त्यांच्यासाठी पुरावा बराच कमकुवत आहे.

सुई अचूक असली म्हणजे औषध लागू पडेलच असे नाही. २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात मणक्याची नळी अरुंद झालेल्या ४०० रुग्णांना एक्स-रेखाली बघूनच इंजेक्शने दिली होती. निम्म्यांना स्टिरॉइडसह, निम्म्यांना फक्त बधिर करणारे औषध. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. २०२५ मध्ये बीएमजे या ब्रिटिश नियतकालिकातील तज्ज्ञगटाने त्याही पुढे जाऊन, तीन महिन्यांहून जुन्या, कर्करोग वगैरेंशी संबंध नसलेल्या पाठदुखीत अशी इंजेक्शने देऊ नयेत अशी ठाम शिफारस केली. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी तिला आक्षेप घेतला. वेगवेगळ्या कारणांच्या रुग्णांची एकत्र सरासरी काढली तर ज्यांना खरोखर उपयोग होतो ते त्यात बुडून जातात, असा त्यांचा युक्तिवाद आहे. वाद मिटलेला नाही.

म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवे : नेमकी कोणती नस किंवा सांधा? तो कशावरून? सुई कशाखाली बघून देणार? हे तपासणीसाठी की उपचारासाठी? आणि आराम पडला तर दुसऱ्या दिवसापासून काय करायचे? मधुमेह असेल तर स्टिरॉइडने काही दिवस साखर वाढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आधीच सांगाव्यात, स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. स्वच्छतेचा प्रश्नही आहेच. २०१२ मध्ये अमेरिकेत बुरशी लागलेल्या स्टिरॉइडच्या बाटल्यांमुळे ७५३ जण आजारी पडले, ६४ दगावले. त्यात सुई चुकलेली नव्हती. औषध दूषित होते.

डॅलसमधला कंबरपट्टा

सुया बंद झाल्या तरी केनेडींनी कमरेचा ताठ पट्टा सोडला नव्हता. तोही सुटावा असा क्राउस यांचा आग्रह होता. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये उघड्या मोटारीत बसताना त्यांनी तो घट्ट आवळलेला होता, वरून मांड्यांभोवती लवचीक पट्टी गुंडाळलेली होती. पहिली गोळी मानेतून आरपार गेली तरी ते खाली कोसळले नाहीत. पट्ट्याने त्यांना ताठ धरून ठेवले आणि म्हणून डोक्यात लागलेली गोळी टळू शकली नाही, असे काही डॉक्टर मानतात. इतरांना ते पटत नाही. अध्यक्षांचे वय तेव्हा ४६ होते.